वाळवंट रंगवणाऱ्या ताई

"कोणाला विचारून?"

दिवसातून कितीतरी वेळा ताईंच्या तोंडून हे दोन शब्द निघायचे. निघण्याआधी चष्मा कपाळावर जायचा. तो वर गेला की समोरच्याने ओळखायचं, आता सुटका नाही. ऑफिसातला एसी कोणी वाढवला, जेवायला बसलेल्या सुताराला कोणी उठवलं, छापायला गेलेल्या डिझाइनमधला निळा कोणी बदलला, प्रश्न एकच. 

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्यांना विचारलेलं नाही.

दुबईत प्रदर्शनांना तोटा नाही. आज दागिन्यांचं, उद्या औषधांचं, परवा पर्यटनाचं. प्रत्येक प्रदर्शनात घराएवढे, कधी वाड्याएवढे स्टॉल उभे राहतात, चार दिवस झगमगतात आणि मग हातोड्याने फोडून कचऱ्याच्या गाडीत भरले जातात. हे स्टॉल उभारणाऱ्या एका कंपनीत मी काम करायचे. ऑफिस अल कुसैसला, वर्कशॉप उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात. माझं काम क्लायंटची मेल वाचायची, त्यातलं गोड बोलणं वगळायचं आणि उरलेलं ताईंना सांगायचं. त्या आमच्या आर्ट डिरेक्टर. इचलकरंजीच्या. तरुणपणी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवलेले, लग्न केलेलं नाही, आणि पन्नाशी उलटल्यावरही शिडीवर चढताना कोणाचा हात धरायच्या नाहीत.

वर्कशॉपमध्ये गुहागर-चिपळूणकडची बरीच मंडळी होती. ती ताईंना घाबरायचीही आणि त्यांच्याच भोवती डबा उघडून बसायची. फोरमन ओरडला तर "ताईंनी सांगितलंय" एवढं म्हटलं की पुरे व्हायचं.

एकदा कंपनीने आम्हा सगळ्यांना डेझर्ट सफारीला नेलं होतं. तुम्ही कोणी दुबईला जाऊन आला असाल तर ही सफारी तुमची चुकलेली नसणार. वाळूत गाड्या उडवतात, उंटावर बसवतात, मग दिवे लावलेल्या कॅम्पमध्ये जेवण. तिथे दाराशी पांढरा झगा घातलेला, मनगटावर ससाणा घेतलेला एक माणूस उभा होता. टुरिस्ट त्याच्याबरोबर फोटो काढत होते. कॅम्पवाल्याने ओळख करून दिली, "धिस इज अवर बेदुइन, हमद." बेदुइन म्हणजे वाळवंटातला भटका अरब. तो नुसता हसला, बोलला नाही. ताई त्याच्याकडे निरखून पाहत राहिल्या आणि जवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "कुठलं गाव?"

त्याने आजूबाजूला पाहिलं. "नांदेडकडं, ताई. बोलू नका, बोलायची परवानगी नाही."

"नाव काय तुझं?"

"प्रकाश."

ताईंचा चष्मा वर गेला. हमद हे नाव कोणाला विचारून ठेवलं, हे कॅम्पवाल्याला विचारायचं त्यांनी जेवण संपेपर्यंत सोडलं नाही. तो हसून टाळत राहिला. पण त्या संध्याकाळी ताईंनी त्या माणसाला चारचौघांत, मोठ्याने, "प्रकाशराव, जेवलात का?" असं विचारलं. त्याचं तोंड कसं झालं होतं ते मी विसरणार नाही. भीती होती, आणि भीतीच्या मागे कोणीतरी घरचं भेटल्याचा आनंद.

परतताना गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, "इथलं वाळवंट दाखवायचं तर इथल्या माणसाला पुढं करत नाहीत, आणि आपल्या माणसाचं नाव काढून घेतात. मग दाखवतात तरी कोणाला?"

त्यानंतर दोनेक वर्षांनी आमच्याकडे आपल्याच देशातल्या एका वाळवंटी राज्याच्या पर्यटनाचं काम आलं. राज्याचं नाव नको. माझी तक्रार तिथल्या लोकांबद्दल नाही. काम थेट सरकारचंही नव्हतं, मध्ये दिल्लीची एक जाहिरात एजन्सी होती. तिच्या वतीने एक तरुण साहेब दुबईत येऊन बसले होते. कपडे छान, बोलणं त्याहून छान. प्रत्येक वाक्यात 'स्टोरी' हा शब्द.

त्यांना महाल नको होते. महाल सगळे दाखवतात, आम्हाला गावं दाखवायची आहेत, असं त्यांनी पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं. ताईंना ते आवडलं. मग साहेबांनी मुख्य भिंतीचं चित्र स्क्रीनवर लावलं. वाळूच्या टेकडीवरून एक तरुण बाई उतरतेय, डोक्यावर पितळी घागरी, ओढणी वाऱ्यावर, आणि तोंडभर हसू. ठरवून आणलेलं नव्हे, आतून फुटलेलं हसू. वर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'व्हेअर द रोड एन्ड्स'. जिथे रस्ता संपतो.

"सुंदर आहे," ताई म्हणाल्या. "कोण आहे ही?"

"व्हिलेज वुमन," साहेब म्हणाले.

ताईंनी पुन्हा विचारलं. साहेबांनी लॅपटॉपमध्ये शोधलं. फाइलवर फोटोचा नंबर होता, दुसरं काही नव्हतं. मग बोलणं वाळूच्या रंगावर गेलं. साहेबांना वाळू अजून नारिंगी हवी होती. खरी वाळू अशी नसते म्हणून ताई भांडल्या, हरल्या, आणि शेवटी त्यांनीच उम्म अल कुवैनला बसून स्टॉलच्या बाकीच्या भिंती त्या नारिंगी वाळूने रंगवल्या.

प्रदर्शन उघडायच्या आदल्या दुपारी आम्ही हॉलमध्ये होतो. हातोडे, ड्रिल, धूळ, पिवळी जाकिटं. आमचा दत्ताराम सुतार मुख्य भिंतीवर ते कापडी चित्र ताणून बसवत होता. दोन मजले उंच. तेवढ्यात त्या राज्यातून आलेले लोककलावंत आवाजाच्या तपासणीसाठी आले. तिघे होते. त्यांतला म्हातारा सारंगीसारखं वाद्य उराशी धरून पुढे चालत होता. चित्रासमोर आला आणि थांबला. वाद्य खाली ठेवलं, जोडे काढले आणि भिंतीजवळ जाऊन हात वर केला. चित्र एवढं मोठं, की त्याचा हात तिच्या पावलांपर्यंतच पोहोचत होता. त्याने तळहात तिथे टेकवला.

ताई लांबून ओरडल्या, "बाबा, हात मत लगाओ, दाग पड़ेगा."

म्हाताऱ्याने हात काढला नाही. मान वळवून म्हणाला, "मेरी बेटी है, बाई."

ड्रिल चालूच होतं. ताईंनी हात वर केला आणि ते बंद झालं.

मग त्याने जे सांगितलं ते त्याच्याच साध्या चालीने सांगते. काही वर्षांपूर्वी गावात शहरातले लोक मोठे कॅमेरे घेऊन आले होते. पितळी घागरी त्यांनीच आणलेल्या. गावातल्या बायका पाणी प्लास्टिकच्या कॅनमधून आणतात, पण कॅन त्यांना चालत नव्हते. मुलीला टेकडीवरून पुन्हा पुन्हा उतरायला लावलं. ती लाजत होती, तोंड लपवत होती. तेवढ्यात फोटोवाला पाय घसरून कॅमेऱ्यासकट वाळूत बसला आणि पोरीला हसू आवरेना. तेच हे हसू. त्यानंतर दुसऱ्या वर्षी बाळंतपणात अडली. गावापर्यंत रस्ता नाही. जीप मिळाली, ती वाळूत रुतली. दवाखाना येण्याआधीच ती गेली.

"नाव काय तिचं?" ताईंनी विचारलं.

"धापू."  मग खाली बघत म्हणाला, आमच्याकडे मुलीच मुली झाल्या की शेवटीला हे नाव ठेवतात. धापू म्हणजे पुरे झालं, आता पोट भरलं. आम्हीच ठेवलं होतं.

दत्ताराम शिडीवरून उतरून बाजूला उभा राहिला होता. ताईंचा चष्मा वर गेला नाही. त्या म्हाताऱ्याच्या शेजारी, त्या धुळीतच, खाली बसल्या आणि हिंदीत म्हणाल्या, "तुम्ही सांगा. म्हणाल तर आत्ता, या क्षणी उतरवते. माझी नोकरी गेली तरी चालेल."

म्हाताऱ्याने मान हलवली. उतरवू नका म्हणाला. घरी तिचा एक फोटो आहे, मतदार कार्डावरचा, त्यात ती घाबरलेली दिसते. इथे हसतेय. राहू दे. फक्त तिचं नाव लिहाल का? इतके लोक बघतील, त्यांना कळू दे ही कोण.

एवढीच मागणी होती. ती ऐकताना मला वाटलं, यात नाही म्हणण्यासारखं काय आहे?

एजन्सीच्या साहेबांना बोलावलं. त्यांनी ऐकलं आणि खरंच हळहळले. म्हाताऱ्याचा हात हातात घेतला. मग त्यांचे डोळे चमकले. "व्हॉट अ स्टोरी," ते मला म्हणाले. बाप, मुलगी, वाद्य, एका फ्रेममध्ये. उद्याच छोटा व्हिडिओ करू. म्हाताऱ्याने भिंतीसमोर बसून वाजवायचं आणि वर मुलीकडे बघायचं. फक्त ती कशी गेली ते त्यात नको, पर्यटकांना उदास वाटेल. ती आता परगावी सासरी आहे असं दाखवू.

ताईंनी नावाचं विचारलं. साहेब म्हणाले, डिझाइन वरून मंजूर होऊन आलंय, त्यात अक्षर घालायला अप्रूव्हल लागेल, आणि ते आता मिळणं नाही. शिवाय धापू हे नाव कानाला जरा कसंतरीच लागतं. लिहायचंच झालं तर पुढच्या वर्षी एखादं गोड, त्या मातीतलं नाव शोधू.

ताई इतका वेळ हिंदीत बोलत होत्या. आता मराठीत आल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"रस्ता संपला म्हणून पोरगी गेली. आणि तुम्ही तेच तिच्या डोक्यावर लिहिलंय. बापाला त्याच्याखाली बसवून वाजवायला लावताय, वर तिला नवीन नाव देताय. कोणाला विचारून?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "क्या बोल रही हैं मॅडम?"

मी शब्दाला शब्द भाषांतर करून सांगितलं. माझ्या कामात पहिल्यांदाच काही वगळलं नाही. साहेब लाल झाले. आपण इमोशनल होऊ नये, म्हणाले, आणि फोन कानाला लावून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दारं उघडायच्या आधी, ताई स्टुलावर उभ्या होत्या. हातात ब्रश. रंगाचा डबा मी धरला होता. पांढऱ्या रंगात, तिच्या पावलांच्या खाली, जिथे बापाचा हात पोहोचला होता तिथे, त्यांनी जुन्या पाट्यांवर असायचं तसल्या ठसठशीत अक्षरांत नाव काढलं. वर शिरोरेघ एका दमात ओढली. मग इंग्रजीत. मग म्हणाल्या, "इथली माणसं येणार, त्यांना वाचता यायला हवं." पण अरबी आम्हा कोणाला येत नव्हती. हॉलच्या रखवालदाराने तळहातावर लिहून दाखवलं आणि म्हणाला, आमच्यात 'प' नाही, तुमची धापू ती दाबू होणार. ताई अडून बसल्या. शेवटी शेजारच्या स्टॉलवर वायरी जोडणारा पेशावरचा इलेक्ट्रिशियन आला आणि बाजी, म्हणजे ताई, अशी हाक मारून हसत म्हणाला, तीन नुक्ते टाका, आमच्या उर्दूत 'प' आहे. ताईंनी तीन ठिपके टाकले. तिन्ही लिप्यांत धापू धापूच राहिली.

म्हातारा लांब उभा राहून बघत होता. नाव पुरं झालं तसं त्याने पगडी नीट केली.

सकाळभर लोक विचारत होते, ही धापू कोण? एक वयस्क अमिराती बाई आपल्या सुनेबरोबर आल्या होत्या. मी मोडक्यातोडक्या इंग्रजी-अरबीत सांगितलं. त्या चित्राकडे बघत उभ्याच राहिल्या. मग विचारलं, आणि बाळ? मला ते ठाऊक नव्हतं. मी म्हाताऱ्याकडे गेले. तो म्हणाला, मुलगी आहे, जीपमध्येच झाली, वाचली, माझ्यापाशीच असते. मी परत येऊन सांगितलं तेव्हा त्या बाईंनी "अल्हम्दुलिल्लाह" म्हणून डोळे मिटले. एवढा सगळा स्टॉल, एवढे दिवे, एवढी पत्रकं. तो प्रश्न त्या एका बाईने विचारला.

जेवणाच्या वेळेला एजन्सीची माणसं पुठ्ठ्याचा उंट घेऊन आली आणि नेमका नावासमोर उभा केला. ताईंनी उचलून बाजूला ठेवला. त्यांनी परत आणला. ताईंनी परत हलवला. हे किती वेळ चाललं ते आठवत नाही. बघणाऱ्यांना तो एखादा खेळच वाटला असेल. पण मी ताईंच्या जवळ होते. दर वेळी उंट हलवून झाला की त्या आधी नाव पुसलं गेलं नाही ना ते बघत होत्या.

संध्याकाळी त्यांचा प्रवेशाचा पास काढून घेतला. आमचे मालक माणूस वाईट नव्हते. खाली मान घालून म्हणाले, उद्यापासून साइटवर येऊ नका, क्लायंट मोठा आहे. महिन्याभरात नोकरी गेली. नोकरी गेली की इथे व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की आयुष्याची निम्मी वर्षं काढलेल्या देशातून सामान आवरून निघावं लागतं. मला आजही याची चीड येते. त्यांनी चोरी केली नव्हती, काम बिघडवलं नव्हतं. एका बाईच्या चित्राखाली त्या बाईचं नाव लिहिलं होतं.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी स्टॉल फोडायला सुरुवात झाली. सगळं कचऱ्यात, असा हुकूम होता. दत्तारामने मात्र ते कापड खिळ्याखिळ्याने सोडवलं, लहान मुलाचं अंथरूण आवरावं तसं घडी घालून आवरलं आणि म्हाताऱ्याच्या हवाली केलं. सुपरवायझर हटकायला आला तर म्हणाला, "ताईंनी सांगितलंय." ताईंचा हुकूम तेव्हा चालत नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. सुपरवायझर दुसऱ्या भिंतीकडे वळला. म्हाताऱ्याने ते कापड आपल्या वाद्याला चहूबाजूंनी गुंडाळलं आणि विमानात जपून नेलं.

जाण्याआधी ताई आमच्या घरी जेवायला आल्या. पिठलं-भाकरी केली होती. जेवता जेवता माझ्या मुलाने विचारलं, "आँटी, डिड यू गेट फायर्ड?"

"येस," ताई म्हणाल्या.

"बिकॉज यू रोट अ नेम?"

"हो. वाढ गं अजून थोडं पिठलं."

मुलगा माझ्याकडे बघत राहिला.  ताईंनी त्याच्या ताटात आपल्या भाकरीचा तुकडा मोडून ठेवला आणि जेवत राहिल्या.

ते चित्र अजून फिरतंय. विमानातल्या मासिकात पाहिलं, एकदा बसच्या पाठीवर पाहिलं. वर तीच ओळ, जिथे रस्ता संपतो. खाली वेबसाइटचा पत्ता. नाव कुठेही नाही. माझ्यासोबत असणारे म्हणतात, वा, काय हसू आहे. मी सांगायला लागले की ते घड्याळ बघतात.

ताई आता इचलकरंजीला असतात. शाळांच्या भिंती रंगवतात. गेल्या थंडीत त्या म्हाताऱ्याच्या गावी जाऊन आल्या. शेवटचा टप्पा वाळूतून पायीच गेल्या, कारण रस्ता अजून झालेला नाही. तिथून त्यांनी मला फोटो पाठवला. त्यात त्या स्वतः नाहीत, त्यांनीच तो काढलाय. अंगणात चार काठ्यांवर ते कापड ताणून मांडव केलाय, चित्राची बाजू आभाळाकडे. खालून फक्त उन्हाने आरपार उजळलेले फिकट रंग दिसतात आणि त्यांत काळपट, उलटी अक्षरं. मांडवाखाली बाजेवर एक लहान मुलगी झोपली आहे. ते नाव सावली होऊन तिच्या अंगावर पडलंय.